न वटलेला माणूस

मला मान देऊ नये, असं माझ्या बँकेने छापील स्वरूपात कळवलं तेव्हा मी एका ट्रॅव्हल एजंटच्या दुकानात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन बसलो होतो. कागद इवलासा होता, दुकानातल्या यंत्रातून बिल निघतं तेवढा. पण छापील ते छापील. गेली चाळीस वर्षं मी मुद्रितशोधक आहे. म्हणजे लोकांनी लिहिलेलं छापण्याआधी वाचायचं आणि त्यातल्या चुका काढायच्या. माझा अनुभव असा, की माणूस तोंडाने वाटेल ते बोलतो, पण छापायची वेळ आली की दहादा विचार करतो. बँकेनेही दहादा विचार केला असणार, असं मी धरून चाललो.

प्रकरण मुळात साधं होतं. एक तिकीट काढायचं होतं. आमची मुलगी विमानाने चार तास लागतात इतकी लांब राहते आणि ती पहिलटकरीण. डॉक्टरांनी महिनाअखेरची तारीख दिली होती. मग सोमवारी फोन आला, की शनिवार-रविवारच्या पुढे काही जाईलसं वाटत नाही. बायकोने तासाभरात बॅग भरली. जावई फोनवर म्हणाले, "बाबा, मी इथून आईंचं तिकीट काढून पाठवतो. दोन मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, "तुम्ही तिकडचं बघा. तिकीट मी काढणार." हे वाक्य मी गरजेपेक्षा जरा मोठ्याने बोललो. बायको त्या वेळी बॅगेच्या चेनशी झटापट करत होती. ती काही बोलली नाही. ती गप्प बसली की मी ती संमती धरतो. पस्तीस वर्षांत ही पद्धत कितीदा तोंडघशी पडलीय, तरी मी ती बदललेली नाही.

मुलीने विचारलं होतं, "बाबा, तुम्ही नाही येत?" मी कारणं सांगितली. हातात एका वनस्पतिकोशाचं काम होतं आणि मी 'भ'वर होतो. घर बंद ठेवलं की नळ गळायला लागतात. समोरच्या वहिनींच्या झाडांना पाणी घालायचं मी कबूल केलं होतं. आणि बाळंतपणात आजोबाचं तसं काम काय असतं? ही चारही कारणं खरी होती. पाचवं कारण विमानभाड्याचं होतं. ते मी सांगितलं नाही.

माझ्याकडे कार्ड आहे. नऊ वर्षांपूर्वी मी बँकेत खातं उघडलं तेव्हा ते त्यांनी दिलं आणि ते ज्या पाकिटातून आलं त्याच पाकिटात मी आजवर ठेवलंय. साबण, तेल, औषधं, क्वचित एखादी छत्री, यापलीकडे त्याला मी त्रास दिलेला नाही. मध्ये मुदत संपली म्हणून बँकेने नवं पाठवलं, तर मी तेही जुन्याच पाकिटात घातलं. बायकोला वेगळं कार्ड नाही. घरात एका जबाबदार माणसाकडे कार्ड असलं की पुरे, असं माझं धोरण होतं.

मंगळवारी दुपारी मी एजंटच्या दुकानात गेलो. तिथे आमच्या वरच्या मजल्यावरचे जाणकार आधीच बसले होते. जाणकार हे त्यांचं आडनाव नाही. ते निवृत्त इंजिनीअर आहेत आणि त्यांना सगळं माहीत असतं, म्हणून अख्खी इमारत त्यांना जाणकार म्हणते. हे मात्र त्यांना माहीत नाही. त्यांना कुठे जायचं नव्हतं. एजंटच्या दुकानात एसी आहे, म्हणून ते तिथे येऊन बसतात.

एजंट म्हणाला, "काका, शुक्रवारी सकाळचं मिळतंय. मोजून तीन सीट उरल्यात. त्यानंतर थेट सोमवार." मी शुक्रवार म्हटलं. त्याने चहा सांगितला आणि कार्ड यंत्रात खुपसलं. यंत्र विचारात पडलं. तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. संदेश होता:

'प्रिय ग्राहक, आपल्या कार्डावरून मोठि रक्कम खर्च होत आहे. हा व्यवहार आपनच करीत आहात का. होय किंवा नाहि कळवा.'

मी तो दोनदा वाचला. तीन शब्द अशुद्ध, आणि प्रश्न विचारून प्रश्नचिन्ह गायब. चोरांचे संदेश असेच अशुद्ध असतात, हे मी वर्तमानपत्रातल्या एका लेखात वाचलं होतं. त्या लेखाचं प्रूफ मीच वाचलं होतं, त्यामुळे माहितीबद्दल शंका नव्हती. ज्या बँकेला 'आपण' लिहिता येत नाही ती बँक असूच शकत नाही. दुसरा कोणी असता तर त्याने संदेश पुसून टाकला असता. पण चूक दिसली आणि सोडून दिली, हे माझ्याच्याने होत नाही. मी उत्तर लिहिलं: 'आपन नव्हे, आपण. ण बाणाचा. मोठी, नाही: दोन्ही दीर्घ. प्रश्नचिन्ह राहिले.' पाठवलं. मग फोन जाणकारांच्या हातात दिला आणि त्यांनी तो नंबर कायमचा अडवून दिला. "आता यांचा बाप आला तरी तुमच्यापर्यंत पोचणार नाही," ते म्हणाले. हे शब्दशः खरं ठरलं.

एवढ्यात यंत्राने तो कागद बाहेर काढला. एजंटने वाचला, उलटा करून बघितला, आणि म्हणाला, "होत नाही, काका."

"काय लिहिलंय?"

"डू नॉट ऑनर."

"म्हणजे?"

"म्हणजे होत नाही."

"होत नाही ते मला दिसतंय. लिहिलंय त्याचा अर्थ विचारतोय."

"अर्थ काय असणार? त्याला हात नाही लावायचा, असंच काहीतरी."

मी मनातल्या मनात अनुवाद केला. 'सन्मान करू नका.' दुसरा काही अर्थ निघतो का पाहिलं. 'मान देऊ नये.' तो जास्त ठसठशीत निघाला. मागच्या खुर्च्यांवर एक जोडपं बसलं होतं. त्यांनी खुर्च्या किंचित मागे घेतल्या. एजंटने दाराकडे बघून हात केला, "चहा राहू दे रे," आणि माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. मी म्हटलं, रोख आणून देतो. तो म्हणाला, कंपनीला कार्डच लागतं. त्याने स्वतःच्या कार्डावर काढलं असतं, पण गेल्या आठवड्यात मुदत संपली. "कोणाची?" मी विचारलं. "कार्डाची, काका," तो म्हणाला. सीट बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत धरून ठेवतो, त्यापुढे त्याच्या हातात काही नाही.

घरी आलो तर बायकोने विचारलं, "झालं?"

"होतंय," मी म्हटलं.

जाणकार माझ्याआधी इमारतीत पोचले होते. त्यामुळे संध्याकाळपर्यंत आमच्या बैठकीच्या खोलीला दवाखान्याची कळा आली. प्रत्येक जण कार्ड हातात घेऊन वजन बघावं तसं बघत होता आणि परत ठेवत होता. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "माझ्या भावाचं असंच झालं होतं. आधी कार्ड, मग खातं, मग माणूसच खचला." तळमजल्यावरचे शिंपीकाका म्हणाले, एका दिवसात किती खर्च करायचा याची मर्यादा असते, ती ओलांडली असेल. कोणी म्हणालं पिन चुकला असेल. कोणी म्हणालं पत्ता जुना दिला असेल. एक जण म्हणाला, सरळ बँकेला फोन करा. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, कारण तो फक्त पार्सल द्यायला आला होता.

जाणकारांनी निदान केलं. "चिप मळलीय. खोडरबर घ्या आणि हलक्या हाताने पुसा." आता खोडरबर ही माझ्या पेशातली वस्तू. घरात सात आहेत. मी टेबलाशी बसलो, दिवा ओढून घेतला आणि कामाला लागलो. चिप पुसली. मग वाटलं, मळ एकाच बाजूला थोडाच असतो? काम हातात घ्यायचं तर पूर्ण करायचं, ही सवय. कार्ड उलटं केलं आणि मागची बाजूही, कोपऱ्यांसकट, लख्ख पुसून काढली. शेवटी त्यावर फुंकर मारली.

खात्री करायला खालच्या किराणा दुकानात गेलो आणि एक साबण घेतला. कार्ड लावलं. यंत्र गोड आवाजात वाजलं. व्यवहार झाला. मी साबण घेऊन जिना चढलो तेव्हा माझी पाठ ताठ होती हे मी कबूल करतो. बायको दारात उभी होती.

"तिकीट?"

"कार्ड चालतंय," मी म्हटलं आणि साबण दाखवला.

तिने साबण घेतला, वास घेतला आणि न्हाणीघरात नेऊन ठेवला. पुढे काही बोलली असती तर बरं झालं असतं.

बुधवारी सकाळी दुकान उघडण्याआधी मी आणि जाणकार एजंटच्या दारात उभे. एजंटने कार्ड घातलं. नाही. काढून पुन्हा घातलं. नाही. जाणकार म्हणाले, यंत्राला संधीच द्यायची नाही, लागोपाठ लावत राहायचं, कंटाळून घेतं. तिसऱ्यांदा घासलं, चौथ्यांदा वरून टेकवलं, पाचव्यांदा जाणकारांनी स्वतःच्या हाताने खुपसलं. यंत्राने कागद काढला. त्यावरचा मजकूर या वेळी निराळा होता. एजंटने तो वाचला आणि मला नुसता दिला. कार्ड बंद करण्यात आलं होतं.

मी खाली किराणा दुकानात जाऊन पुन्हा एक साबण मागितला. यंत्र गोड वाजलं नाही. दुकानदाराने माझ्या हातातला साबण हळूच काढून घेतला, फडक्याने पुसला आणि मांडणीत होता तिथे ठेवला. काल निदान साबणापुरता मान होता. आज तोही गेला.

मग मी बँकेच्या शाखेत गेलो. जाणकारांना बरोबर नेलं नाही. शाखेत यंत्रातून नंबराची चिठ्ठी काढायची आणि बाकावर बसायचं अशी पद्धत. माझा नंबर सत्तेचाळीस होता आणि फळ्यावर बारा चालू होता. माझ्या शेजारच्या आजोबांचा नंबर अकरा होता. ते डुलकीत असताना तो निघून गेला होता आणि आता ते सगळ्यांना सांगत होते की झोपू नका. मी झोपलो नाही. भिंतीवरच्या नियमांच्या पाटीत सहा चुका सापडल्या. पाऊण तासात त्या खाणाखुणांसह एका कागदावर लिहून काढल्या आणि नंबर लागल्यावर आधी तो कागद खिडकीतल्या बाईंच्या हातात दिला. त्यांना वाटलं अर्ज आहे. त्यांनी त्यावर शिक्का मारला.

"हे नाही," मी म्हटलं. "माझ्या कार्डाचं आहे." मग एजंटच्या दुकानातला पहिला कागद पुढे केला. "एवढंच सांगा, बँकेने माझ्याबद्दल हे असं का लिहिलं?"

बाईंनी चष्मा वर करून वाचलं. "डू नॉट ऑनर. म्हणजे वटवू नका. चेक वटतो म्हणतो ना आपण, तसं. तुम्ही वटला नाहीत."

"व्यवहार वटला नाही म्हणा."

"तेच ते. कारण त्यात लिहीत नाहीत. पैसे कमी असतील, पिन चुकला असेल, मुदत संपली असेल, तर तसं येतं. काहीच सांगायचं नसेल तर हे येतं. आणि एकदा नाही म्हटल्यावर पाच-पाच वेळा लावायचं नसतं. मग चोरच आहे असं धरतात." त्यांनी पडद्यावर बघत मान हलवली. "तुमच्या खात्यात पैसे आहेत की चांगले."

हे त्या मोठ्याने बोलल्या. बाकावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. कालपासून पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याकडे बऱ्या नजरेने बघत होतं.

"मग सुरू करून द्या," मी म्हटलं.

"इथून कार्डाचं होत नाही. कार्डाच्या मागे नंबर आहे, त्यावर फोन करा."

मी कार्ड उलटं केलं. मागची बाजू पांढरीफेक होती. "मागे काही नाही," मी म्हटलं.

"सगळ्यांच्या कार्डामागे असतो."

"माझ्या नाही."

त्यांनी कार्ड हातात घेऊन उजेडात धरलं. "कोणी खोडलंय का हे?"

चाळीस वर्षांत मी लाखो चुका खोडल्या असतील. बरोबर मजकूर खोडल्याची ही पहिलीच वेळ. मी गप्प बसलो आणि बाईंनी, माझ्यासारखं, ती संमती धरली. त्यांनी माझ्याच शिक्का मारलेल्या कागदाच्या मागे नंबर लिहून दिला. त्यांचा एक आणि सात सारखेच असतात, त्यामुळे पहिल्या फोनला मला एका दंतवैद्याची शनिवारची वेळ मिळाली. दुसऱ्या फोनला बँक लागली. तोवर साडेचार वाजले होते.

मी घरी बैठकीत, फोन मोठ्या आवाजावर ठेवून, समोर वही-पेन घेऊन बसलो. बायको पलीकडच्या खुर्चीत होती. तिच्या पायाशी ती भरलेली बॅग. पंचवीस मिनिटं वाद्यसंगीत झालं. मग एका मुलीचा आवाज आला. शांत, समजूतदार, घाईत नसलेला.

"सर, आपणच खातेदार आहात याची खात्री करते. आपल्या फोनवर एक आकडा पाठवलाय, तो सांगा."

आकडा आला नाही. तिने पुन्हा पाठवला. पुन्हा आला नाही. तिने विचारलं, "सर, आपण बँकेचा नंबर अडवलाय का?"

मी म्हटलं, "मी एका अशुद्ध लिहिणाऱ्या चोराचा नंबर अडवलाय."

"अहो, द्या इकडे," बायको म्हणाली. तिने फोन घेतला, दोन-तीन ठिकाणी बोट लावलं, आणि फोन खणाणायला लागला. एकामागून एक अकरा संदेश पडले. अकराच्या अकरा ठिकाणी 'आपन' होतं. त्यात तो आकडाही होता, पण दोन मिनिटांची त्याची मुदत टळून गेली होती. मुलगी म्हणाली, आता आज आणखी आकडा पाठवता येणार नाही. एकच मार्ग आहे. खातं उघडताना अर्जात एक लक्षात राहणारी तारीख लिहिली होती, ती सांगायची. तीन संधी. तिन्ही चुकल्या तर हे कार्ड रद्द करून नवं टपालाने येईल, आठ-दहा दिवसांत.

घड्याळात पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. आठ-दहा दिवसांत बाळाला नाव ठेवून झालं असतं.

मी बायकोकडे बघितलं आणि, तिला ऐकू जाईल अशा बेताने, आमच्या लग्नाची तारीख सांगितली.

"नाही जुळत, सर."

"आपलं लग्न चौदाला नव्हतं," बायको म्हणाली. "सोळाला होतं."

"मग सोळा?" मी घाईने फोनला विचारलं.

"थांबा," बायको म्हणाली. "तुम्ही ती लिहिलीच नसणार."

मुलगी म्हणाली, "सर, 'मग सोळा' हे मी उत्तर धरू का?"

"नको," मी म्हटलं. मग विचार केला आणि आमच्या मुलीचा वाढदिवस सांगितला. यात चूक होणं शक्य नव्हतं. ती तारीख मी जन्मदाखल्यापासून लग्नाच्या कागदांपर्यंत शंभर ठिकाणी लिहिलेली आणि तपासलेली आहे.

"नाही जुळत, सर. एकच संधी उरलीय."

हे काही माझ्या डोक्यात शिरेना. मी म्हटलं तुमच्या नोंदीत चूक असेल, तुमच्याकडे ण आणि न यांचा जो गोंधळ आहे तो पाहता तारखांचं काय सांगावं. फोनवरच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं. जावयांना फोन करावा, असं मी मनात ठरवून टाकलं. इतका मोठ्याने नको म्हटल्यावर आता इतक्या हळू आवाजात कसं सांगायचं, याची मनात जुळवाजुळवही चालू केली.

"दुसऱ्या दिवशीची सांगा," बायको म्हणाली.

"कसली?"

"वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशीची. सांगा तर."

मी सांगितली.

"धन्यवाद सर. जुळली."

आमची मुलगी झाली त्या दिवशी मी छापखान्यात होतो. सकाळी बायकोच म्हणाली होती, अजून बराच वेळ आहे, कामावर जाऊन या. एका शब्दकोशाची शेवटची पानं होती. निरोप आला होता. मी म्हटलं एवढं पान संपवतो आणि निघतो. त्या पानामागे दुसरं निघालं. मी तिला पहिल्यांदा बघितलं ते दुसऱ्या दिवशी, तोवर तिला सगळ्यांनी हातात घेऊन झालं होतं. बँकेच्या अर्जात लक्षात राहणारी तारीख विचारली तेव्हा मी तीच लिहिली असणार. मला ते आठवतही नव्हतं आणि बायकोला तर मी कधी सांगितलेलं नव्हतं. तिला कसं कळलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मला लाज वाटली. साधी, सरळ लाज. तिच्यासाठी दुसरा शब्द शोधत बसलो नाही.

फोनवरची मुलगी आता मोकळी झाली होती आणि नोंदी वाचत होती. "सर, आपल्या नेहमीच्या सवयीत हा खर्च बसत नव्हता, म्हणून आमच्या यंत्रणेला संशय आला. नऊ वर्षांत आपला सगळ्यात मोठा खर्च..." ती जरा थांबली. "एक इस्त्री आहे."

"तीही मी हट्ट केला म्हणून," बायको म्हणाली.

"म्हणून आम्ही होय की नाही असं विचारलं होतं. त्यावर आपलं उत्तर आलंय, 'ण बाणाचा'. यंत्रणेला ते कळलं नाही, सर."

"त्याला मी काय करू?" मी म्हटलं, पण आवाजात दम नव्हता.

"हरकत नाही. कार्ड आता सुरू केलंय. नियम म्हणून विचारते. हा खर्च आपण स्वतःच्या मर्जीने करताय ना? कोणी दबाव टाकत नाहीये ना?"

मी बायकोकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. "स्वतःच्या मर्जीने," मी म्हटलं.

"मग एका तिकिटाच्या रकमेला परवानगी देते."

"दोन," मी म्हटलं.

"सर, नोंद एकाच तिकिटाची आहे."

"हो. ती दुरुस्ती आहे."

"पण हे तर आपल्या सवयीत आणखीच बसत नाही, सर."

"ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "तुम्ही परवानगी द्या."

बायको उठून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. मग माझे कुठले शर्ट घडी केलेले आहेत आणि कुठले नाहीत यावर आतून बडबड सुरू झाली, आणि मला जरा बरं वाटलं.

सहाला सात मिनिटं असताना मी एजंटच्या दुकानात शिरलो. धावत आलो होतो, त्यामुळे बोलता येत नव्हतं. नुसती दोन बोटं दाखवली. यंत्र विचारात पडलं. फोनवर संदेश आला: 'हा व्यवहार आपनच करीत आहात का.' मी दात आवळून 'होय' लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा एक चूक दिसूनही सोडून दिली. तिकिटं निघाली. जाणकार एसीखाली बसलेलेच होते. ते एजंटला म्हणाले, "बघ, चिप पुसली म्हणून झालं."

वनस्पतिकोश 'भ'वर सोडला. वहिनींच्या झाडांची जबाबदारी शिंपीकाकांनी घेतली. दंतवैद्याची वेळ रद्द करायची राहून गेली, त्यांची मी इथे क्षमा मागतो.

शनिवारी दुपारी आम्ही दवाखान्याच्या लांबलचक मार्गिकेत, बंद दारासमोरच्या बाकावर बसलो होतो. जावई येरझाऱ्या घालत होते. आत आमची मुलगी होती. एक नर्स बाहेर आली, बायकोशी काहीतरी बोलली आणि परत आत गेली.

"तुम्ही सकाळपासून काही घेतलेलं नाही," बायको मला म्हणाली. "खाली जाऊन चहा पिऊन या. अजून बराच वेळ आहे."

"मागच्या वेळीही तू हेच म्हणाली होतीस," मी म्हटलं आणि बसून राहिलो.